फ्रेंच क्रियापदांची उजळणी: आधी मराठीला विचारून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीपर्यंत फ्रेंच होतं, गुणही भरपूर पडले. आता डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राची बी-वन (मध्यम पातळीची) परीक्षा द्यायची आहे. क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, पण बोलताना रूप वेळेवर तोंडात येत नाही आणि लिहिताना कुठला काळ वापरायचा ते कळत नाही. उजळणी कशी करावी? आणि पासे सँप्ल हा भूतकाळसुद्धा करायला हवा का?

तुमची ही दोन दुखणी वेगळी आहेत, त्यामुळे औषधंही वेगळी द्यावी लागतील. रूप वेळेवर न आठवणं हा सवयीचा प्रश्न आहे. काळ न कळणं हा समजुतीचा आहे. बहुतेक जण दुसऱ्या दुखण्यावरही पहिल्याचंच औषध घेतात, म्हणजे आणखी तक्ते लिहून काढतात. वह्या भरतात आणि चूक आहे तिथेच राहते.

पुण्यात वीसेक वर्षं फ्रेंच शिकवते आहे. माझ्याकडे येणारी निम्मीअधिक मुलं तुमच्यासारखीच असतात: अकरावी-बारावीला गुण मिळतात म्हणून फ्रेंच घेतलेली, हुशार, पाठांतराला पक्की. मागच्या वर्षी अशाच एका मुलीची तोंडी परीक्षेची तयारी घेत होते. सुट्टीत घरचे सगळे कुठं जाता, असं मी फ्रेंचमध्ये विचारलं. ती गप्प झाली आणि तिचा हात टेबलाखाली गेला. बोटं मोडत ती पुटपुटत होती, 'ज वे, त्यु वा, इल वा...' आणि चौथ्या बोटाला सापडलं: 'नू आलों' (आम्ही जातो). सात सक्कं किती विचारल्यावर 'सात एके सात'पासून सुरुवात करावी, तसं ते झालं. रूप तिला येत होतं, पण ते रांगेत चौथं उभं होतं आणि रांगेतून थेट उचलायची सवय नव्हती.

(इथून पुढं फ्रेंच रूपं देवनागरीत लिहिते आहे, कानाला साधारण जशी ऐकू येतात तशी. फ्रेंच क्रियापद आधी कानानं शिकायचं असतं, म्हणून हे सोयीचंच आहे.)

ही रांग मोडायला मी सापशिडीचा फासा वापरते. फाशाला सहा बाजू आणि पुरुष-वचनंही सहा: एक म्हणजे ज (मी), दोन म्हणजे त्यु (तू), तीन म्हणजे इल किंवा एल (तो, ती), चार नू (आम्ही), पाच वू (तुम्ही), सहा म्हणजे बहुवचनी इल (ते). क्रियापदांच्या चिठ्ठ्या एका वाटीत, काळांच्या दुसऱ्या वाटीत. फासा टाकायचा, दोन्ही वाट्यांतून एकेक चिठ्ठी उचलायची आणि नुसतं रूप न म्हणता त्या रूपाचं पूर्ण वाक्य मोठ्यानं म्हणायचं. 'नू आलों' नव्हे, तर 'आम्ही दर रविवारी आजीकडे जातो' हे फ्रेंचमध्ये. रोज दहा मिनिटं. पहिले चार दिवस फार चिडचिड होते, कारण पाठांतराचा आधारच काढून घेतलेला असतो. दोन-तीन आठवड्यांत बोटं मोडणं थांबतं.

चिठ्ठ्यांवर सुरुवातीला तेराच क्रियापदं घ्या: एत्र (असणे), आव्वार (जवळ असणे), आले, फेर (करणे), वनीर (येणे), पूव्वार (शकणे), वूल्वार (इच्छिणे), दव्वार (करावं लागणे), साव्वार (माहीत असणे), प्राँद्र (घेणे), मेत्र (ठेवणे), व्वार (पाहणे) आणि दीर (म्हणणे). रोजच्या बोलण्यात हीच सतत लागतात. त्यांना मोठी घराणीही आहेत. प्राँद्र आलं की शिकणं, समजणं, चकित करणं ही तिन्ही क्रियापदं त्याच वळणावर जातात. वनीर आलं की तनीर (धरणे) आणि त्याचं सगळं गोत येतं. शेवटी '-ए' असलेली क्रियापदं तर भाषेत बहुसंख्य आहेत आणि त्यांतलं नियम मोडणारं मोठं क्रियापद एकच: आले, म्हणजे जाणे. 'आले म्हणजे जाणे' हे मराठी कानाला इतकं उलटं लागतं की कुणी विसरत नाही.

आता कानाचा मुद्दा. पार्ले, म्हणजे बोलणे, याचा वर्तमानकाळ कागदावर पाच वेगवेगळ्या स्पेलिंगांत दिसतो. कानाला आवाज तीनच: ज, त्यु, इल आणि बहुवचनी इल या चौघांना 'पार्ल', मग 'नू पार्लों' आणि 'वू पार्ले'. त्यातही फ्रान्समध्ये रोजच्या बोलण्यात 'नू'ऐवजी 'ओं' वापरतात, आपल्या 'आपण'सारखं, आणि त्याला पुन्हा 'पार्ल'च लागतं. म्हणजे बोलण्यापुरते दोनच आवाज उरले. तक्ता वहीतून पाठ करणारी मुलं बहुवचनी रूपाच्या शेवटची ई-एन-टी ही अक्षरं उच्चारतात आणि 'इल पार्लाँ' म्हणतात. ही चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की नव्या वर्गात पहिल्याच दिवशी तिच्यावर बोलते. क्रियापदाच्या शेवटी ती तीन अक्षरं मुकी असतात. '-ए' नसलेल्या बहुतेक क्रियापदांत अनेकवचन ऐकू येतं ते निराळ्या खुणेनं, शेवटी एक व्यंजन उमटतं: इल फिनी, अनेकवचनी इल फिनीस, इल व्यँ, इल व्येन, इल प्राँ, इल प्रेन, इल सोर, इल सोर्त. या जोड्या गाण्याच्या ओळीसारख्या म्हणून बघा, कान लवकर तयार होतो.

रूपांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगते आणि मग काळांकडे वळते, कारण सांगण्यासारखं खरं तिथं आहे. प्रत्येक काळाचा तक्ता सुटा पाठ करायची गरज नाही. वर्तमानकाळातली दोन रूपं आणि मूळ धातू, या तीन खुंट्यांवर बाकीचं टांगता येतं. 'नू'चं रूप घ्या, शेवटचा 'ओं' काढा, अँपार्फेचे (चालू किंवा नेहमीच्या भूतकाळाचे) प्रत्यय लावा: नू प्रनों, त्यावरून ज प्रने, नू फिनीसों, त्यावरून ज फिनीसे. याला अपवाद एकटा एत्र. बहुवचनी 'इल'चं रूप घ्या, ती स्युब्जोंक्तिफची (इच्छा, शंका, भावना सांगणाऱ्या रूपाची) खुंटी: इल व्येन, त्यावरून 'क ज व्येन'. इथं अपवाद जास्त आहेत (स्वा, ए, आय, फास, प्वीस, साश ही रूपं वेगळी घोकावीच लागतात), पण ती रोजची असल्यानं बसतात. भविष्यकाळाची खुंटी म्हणजे बहुतेक क्रियापदांत मूळ रूप (वनीरसारख्या काहींची खुंटी मात्र वेगळी घोकावी लागते), आणि त्याला लागणारे प्रत्यय म्हणजे आव्वारच्याच वर्तमानकाळाची शेपटं. असं का, त्याची गोष्ट मला फार आवडते. लॅटिन बोलणारे लोक 'कान्तारे हाबेओ' म्हणू लागले, म्हणजे शब्दशः 'मला गायचं आहे'. ते झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'शाँतरे', म्हणजे 'गाईन', झालं. त्या शेवटच्या 'रे'मध्ये अजून 'हाबेओ' आहे. याच खुंटीवर अँपार्फेचे प्रत्यय चढवले की कोंदिस्योनेल (जर-तरचं रूप) तयार.

आता काळ.

तुमचं काय झालं असेल ते मी अंदाजानं सांगते. वर्गात फ्रेंच इंग्रजीतून समजावलं गेलं असेल. पासे कोंपोझे म्हणजे इंग्रजीतला अमुक काळ, अँपार्फे म्हणजे तमुक. इंग्रजीचा साधा भूतकाळ एकाच रूपात दोन कामं उरकतो: 'काल गेलो' आणि 'लहानपणी रोज जायचो' या दोन्हींना तिथं एकच क्रियापद चालतं. मग फ्रेंच लिहिताना दोन्हीतलं कुठलं, हे ओळखायला तुमच्या हातात काही उरत नाही. मराठीत मात्र तुम्ही हा भेद आयुष्यभर न चुकता करत आला आहात. गेलो, जात होतो, जायचो, जात असे. 'लहानपणी रोज आमराईत गेलो' असं कुठलंही मराठी मूल म्हणत नाही. तुमच्याकडे आधीच असलेलं हे ज्ञान वापरा. फ्रेंच वाक्य लिहिण्याआधी ते मराठीत म्हणा, इंग्रजीत नको.

मराठीत '-त होतो', '-यचो' किंवा '-त असे' आलं की अँपार्फे. नुसतं 'केलं, गेलो, पडला' आलं की पासे कोंपोझे. 'पाऊस पडत होता. मी बसची वाट पाहत होते. एक गाडी थांबली.' फ्रेंचमध्येही पहिली दोन क्रियापदं अँपार्फेत, तिसरं पासे कोंपोझेत. 'माहीत असणे'चं उदाहरण तर फारच गोड आहे. साव्वार अँपार्फेत घातलं, 'ज सावे', की अर्थ होतो 'मला माहीत होतं'. तेच पासे कोंपोझेत, 'जे स्यु', की 'मला कळलं'. मराठीला इथं दोन निराळी क्रियापदं लागतात, फ्रेंचला एकाच क्रियापदाचे दोन काळ पुरतात, पण रेघ दोघींनी एकाच जागी ओढली आहे.

असंच इतरत्र. 'मी तीन वर्षं पुण्यात राहतो आहे', अजूनही राहतो आहे. मराठीत वर्तमानकाळ, फ्रेंचमध्येही वर्तमानकाळ: 'जाबित आ पुणे दप्वी त्र्वाझाँ'. इंग्रजीतून आलेली मुलं इथं हमखास भूतकाळ घालतात. 'तू येशील तेव्हा' यात मराठी भविष्यकाळ वापरते, फ्रेंचही वापरते: 'काँ त्यु व्यँद्रा'. इंग्रजी तिथं वर्तमानकाळ ठेवते म्हणून मुलं फसतात. 'मी करणार आहे' आणि 'मी करीन' या दोन छटा तर जवळजवळ जशाच्या तशा फ्युत्युर प्रोश आणि फ्युत्युर सँप्ल.

ज्या स्युब्जोंक्तिफला सगळे घाबरतात, त्याचा गाभाही आपल्या घरात आहे. शाळेत 'विध्यर्थ' म्हणून शिकला होतात ना, तो '-वा, -वी, -वे'वाला? 'त्यानं यावं असं आम्हाला वाटतं': 'नू वूलों किल व्येन'. 'तो येईल अशी मला आशा आहे': 'जेस्पेर किल व्यँद्रा', इथं साधा भविष्यकाळ. आशा दोन्हीकडे आहे, मग एकीकडे स्युब्जोंक्तिफ आणि दुसरीकडे नाही असं का, हे इंग्रजीतून समजावताना माझी तारांबळ उडायची. मराठीत 'यावं' आणि 'येईल' शेजारी ठेवले की वर्ग आपोआप मान डोलावतो.

पासे कोंपोझेत आव्वार घ्यायचं की एत्र, हा पुढचा प्रश्न. यासाठी आद्याक्षरांची एक लांबलचक इंग्रजी किल्ली सगळीकडे शिकवतात. मी शिकवत नाही. मी 'नं'ची कसोटी शिकवते. वाक्य 'तो' किंवा 'ती' घालून मराठीत म्हणा ('मी'वर म्हणू नका, 'मी'ला 'नं' दिसत नाही). 'त्यानं खाल्लं, तिनं लिहिलं, त्यानं पाहिलं': 'नं' लागला, आव्वार घ्या. 'तो गेला, ती आली, तो पडला, ती पोहोचली, तो उतरला, ती जन्मली, तो मेला, ती राहिली': 'नं' नाही, आणि ही सगळी एत्रची आहेत. रूपही तसंच बदलतं. 'तो आला, ती आली, त्या आल्या' यात आपण कर्त्याप्रमाणे क्रियापद फिरवतो, फ्रेंचही एत्रबरोबर फिरवते.

याची सगळ्यात सुंदर प्रचिती दुहेरी क्रियापदांत येते. देसाँद्र म्हणजे उतरणे आणि उतरवणे, दोन्ही. 'ती उतरली': 'एल ए देसाँद्यु', एत्र. 'तिनं बॅग उतरवली': 'एल आ देसाँद्यु ला वालीझ', आव्वार. सोर्तीरचंही तसंच, 'तो बाहेर पडला' आणि 'त्यानं बाहेर काढलं'. पाठ्यपुस्तकं याला अपवाद म्हणून वेगळ्या चौकटीत टाकतात. मराठी माणसाला त्यात अपवाद असं काही दिसूच नये.

पण कसोटीच्या मर्यादा नीट लिहून ठेवा, नाहीतर मलाच दोष द्याल. एक, 'नं' लागला नाही म्हणजे एत्रच, असं नाही. 'तो धावला, ती झोपली, तो हसला, ती शिकली, तो विसरला' यांत 'नं' नाही, तरी फ्रेंच आव्वार घेते. एत्र फक्त जाग्याचा किंवा अवस्थेचा बदल सांगणाऱ्या थोड्या क्रियापदांना लागतं, आणि 'राहणे' हे त्यांच्यात बसलेलं एक घरजावई आहे. दोन, स्वतःवरच होणाऱ्या क्रिया, ज्यांच्या आधी 'स' येतो, त्यांना नेहमी एत्र. मराठीत 'तिनं आंघोळ केली' म्हटलं तरी. तीन, कर्माप्रमाणे बदल. आपण 'तिनं पत्र लिहिलं, पत्रं लिहिली, चिठ्ठी लिहिली' असं नेहमीच कर्माशी जुळवतो. फ्रेंच आव्वारबरोबर हे तेव्हाच करते जेव्हा कर्म क्रियापदाच्या आधी येऊन गेलेलं असतं. 'तिनं चिठ्ठ्या लिहिल्या' यात 'एक्री' तसंच राहतं. 'तिनं लिहिलेल्या चिठ्ठ्या' म्हटलं की 'एक्रीत' होतं, शेवटचा 'त' ऐकूही येतो. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीनं इटालियनचं बोट धरून हा नियम पुढे मांडला, आणि फ्रेंच मुलं आजही त्यात चुकतात. तुमच्या मराठी मनाला इथं थोडा आवर घालावा लागेल, एवढंच.

काळांच्या निवडीतही मराठी तीन ठिकाणी दगा देते. 'मी पाच वर्षं नागपूरला राहत होते', आता नाही. आपण सहज '-त होते' म्हणतो, पण मुदत मोजलेली आहे आणि संपलेली आहे, म्हणून फ्रेंचमध्ये पासे कोंपोझे. दुसरं, 'वेळ असता तर आले असते'. हे आजच्याबद्दल आहे की कालच्याबद्दल? मराठीत वाक्य तेच. फ्रेंचला ठरवावं लागतं. आजचं असेल तर 'सी जावे ल ताँ, ज व्यँद्रे', कालचं असेल तर 'सी जावे यु ल ताँ, ज सरे वन्यू'. आणि कसंही असलं तरी 'सी' (जर) नंतर लगेच येणाऱ्या क्रियापदाला कोंदिस्योनेलचा 'रे' लावायचा नाही, हे कोरून ठेवा. तिसरं, 'तो आला याचा मला आनंद आहे', 'तो येईल असं मला वाटत नाही', 'जरी तो आला'. मराठीत यांपैकी कुठंच विध्यर्थ नाही, फ्रेंचमध्ये तिन्हीकडे स्युब्जोंक्तिफ. आनंद-दुःख-भीती, नकारात्मक 'वाटणं' आणि 'जरी' हे तीन दरवाजे वेगळे पाठ करा.

आता रोज काय करायचं. सकाळी फासा. रात्री पाच वाक्यांची डायरी: दोन वाक्यं आज काय घडलं त्याची, दोन तेव्हा कसं होतं त्याची (ऊन, गर्दी, मनःस्थिती), एक उद्याचं. आधी मराठीत मनात म्हणा, 'नं' ऐका, '-त होतं' ऐका, मग लिहा. बी-वनच्या लेखनात किमान 160 शब्दांचा मजकूर मागतात, आणि त्यात बहुधा अनुभव सांगून मत द्यायचं असतं. रोज पाच वाक्यं लिहिणाऱ्याला ते जड जात नाही. चुकलेलं प्रत्येक रूप वाक्यासकट एका कार्डावर उतरवा, आणि ते कार्ड दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्यानं पुन्हा बघा. मोबाइलवर अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरलंत तर हे दिवस तेच मोजून देतं. मात्र कार्डावर तुमचंच वाक्य हवं. दुसऱ्याच्या तयार गठ्ठ्यातली हजार कार्डं घोकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते कार्डं ओळखायला शिकतात, बोलायला नाही.

परीक्षेआधीच्या आठवड्यात नवा काळ हाती घेऊ नका. प्रत्येक भागात 25 पैकी निदान 5 आणि एकूण 100 पैकी 50 मिळवायचे असतात, त्यासाठी प्ल्यु-क-पार्फेचं ('केलं होतं'सारख्या भूतकाळाचं) एखादं दुर्मीळ रूप लागत नाही. तोंडी परीक्षेत पासे कोंपोझे आणि अँपार्फे न अडखळता एकमेकांत गुंफता आले तर परीक्षकाला ते लगेच जाणवतं.

आणि पासे सँप्ल: बोलायला आणि लिहायला करू नका. तो कथा-कादंबऱ्यांत, इतिहासात भेटतो, आणि तिथंही बहुतेक वेळा तृतीयपुरुषातच. 'इल फ्यु' म्हणजे तो होता किंवा झाला, 'इल फी' म्हणजे त्यानं केलं, 'इल वँ' म्हणजे तो आला, 'इल प्री' म्हणजे त्यानं घेतलं. अशी वीसेक रूपं वाचताना ओळखता आली की पुरे. त्यांना फाशाच्या वाटीत टाकू नका, वाचताना समासात पेन्सिलीनं मूळ क्रियापद लिहीत चला.